लर्निंगचा पेपर पोरांनी स्वतः द्यावा

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कापसाच्या भावावर बोलून झाले, पीक विम्यावर बोलून झाले. आता आमच्या वाट्याला जो विषय आला आहे, तो पत्रिकेत वाचून काही जण हसले. 'लर्निंग लायसनच्या लेखी परीक्षेची तयारी.' शेतकऱ्यांच्या मेळाव्यात आरटीओचे काय काम, असे एका काकांनी मंडपाच्या दारातच विचारले. एका जुन्या कार्यकर्त्याने त्याहून नेमके विचारले, "जन्मभर लायसन-परमिट राज्याला शिव्या दिल्या, लाठ्या खाल्ल्या, आणि आता तुम्हीच सांगता लायसन काढा म्हणून?"

प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी त्याचाच निकाल लावू. १९७२ साली कापूस एकाधिकार खरेदी आली. आपल्या शेतातला, आपल्या घामाचा कापूस राज्याच्या सीमेपलीकडे न्यायचा तर नाक्यावर गाडी अडवली जायची. ते बंधन आपल्या मालावर होते, पोटावर होते. त्याने कोणाचा जीव वाचत नव्हता. ड्रायव्हिंगचे लायसन त्या जातीचे नाही. बंडी जुंपायला लायसन लागत नाही, कारण बैलाला स्वतःची अक्कल असते. समोर माणूस आला तर तो थबकतो. ट्रॅक्टरला अक्कल नसते, ती चालवणाऱ्याने आणायची असते. आणली आहे की नाही, हे समोरून सायकलवर येणाऱ्या माणसाला कसे कळावे? त्याच्यासाठी हा कागद आहे. तेव्हा लायसन हवे की नको, हा वाद आम्ही घालत नाही. ते कसे मिळवायचे, यावर बोलायचे आहे.

आपण ट्रॅक्टरला वखराचा मोठा भाऊ समजतो. नांगरटी केली, रोटाव्हेटर मारला, संध्याकाळी कापसाची ट्रॉली जोडून जिनकडे निघाला. चालवणार कोण? घरात जो मोकळा असेल तो. बहुतेक वेळा अकरावी-बारावीचा पोरगा, कारण बापाला डोळ्याने कमी दिसते आणि पोराला हौस असते. शेतात हे खपून जाते. पण धुरा ओलांडून चाक डांबरी रस्त्यावर आले की ते मोटार वाहन झाले. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ३ सांगते की लायसनशिवाय सार्वजनिक ठिकाणी वाहन चालवायचे नाही. कलम ५ सांगते की मालकाने लायसन नसलेल्याच्या हाती वाहन द्यायचे नाही. म्हणजे चालवणाऱ्याचा गुन्हा वेगळा आणि किल्ली देणाऱ्याचा वेगळा.

२०१९ साली कायद्यात दुरुस्ती झाली. त्याआधी बिनलायसन चालवायला ५०० रुपयांपर्यंत दंड होता, तो ५,००० झाला. किल्ली देणाऱ्या मालकालाही ५,०००. एका घरातून दोन्ही गेले तर १०,००० झाले. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता ७,५२१ रुपये. म्हणजे सव्वा क्विंटलहून जास्त कापूस गेला. ज्वारीत मोजायचे तर त्या हंगामाच्या ३,३७१ रुपये भावाने जवळजवळ तीन क्विंटल. आणि हमीभाव तुमच्या हातात किती वेळा पडतो, ते तुम्हीच जाणता.

चालवणारा अठरा वर्षांच्या आतला असेल तर हिशेब याहून वाईट आहे. त्याच दुरुस्तीने कलम १९९अ आले. पालक किंवा वाहनाचा मालक दोषी धरला जातो. २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि त्या पोराला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन नाही. एक हंगाम ट्रॅक्टर उभा आणि पोराची सात-आठ वर्षे गेली. सोळाव्या वर्षी लायसन मिळते ना, असे कोणी म्हणेल. मिळते, पण ते ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचे आणि तेही पालकाच्या सहीने. तसली गाडी आता दुकानात सापडणे मुश्किल आहे. ट्रॅक्टरला आणि गिअरच्या मोटरसायकलला अठराच.

पण दंड ही किरकोळ गोष्ट आहे. खरे संकट विम्याचे आहे, आणि ते आपल्या माणसांना कोणी नीट समजावून सांगत नाही.

आमच्या फिरतीत एक घर भेटले. नाव-गाव सांगत नाही. सात एकर कोरडवाहू, ट्रॅक्टर कर्जाचा. डिसेंबरात कापूस जिनवर टाकून रात्री परत येताना सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता. ट्रॉलीला मागे दिवा नाही, परावर्तक पट्टी नाही. एका मोटरसायकलवाल्याने मागून येऊन धडक दिली आणि तो गेला. त्याच्या घरी बायको आणि दोन लहान लेकरे. बाप आम्हाला पुन्हा पुन्हा एकच सांगत होता, "विम्याचा हप्ता एक दिवस चुकवला नाही हो मी." त्याने चुकवला नव्हता, हे खरेच होते. पण चालवणाऱ्याकडे लायसन नसेल तर कंपनीला पॉलिसीची अट मोडल्याचा बचाव मिळतो. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली स्वर्ण सिंग खटल्यात या प्रश्नाचा मोठा निकाल दिला. त्याचे सार असे की मेलेल्याच्या घरच्यांना वाऱ्यावर सोडायचे नाही. मालकाने जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणे अट मोडली असे सिद्ध झाले, तरी न्यायाधिकरण कंपनीला आधी पैसे भरायला लावू शकते आणि ते मालकाकडून वसूल करायची मोकळीक देऊ शकते. निकाल माणुसकीचा आहे. पण त्याची दुसरी बाजू आपल्या सात-बारावर येऊन बसते. कारण कलम १७४ प्रमाणे ही रक्कम जिल्हाधिकाऱ्यामार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. सावकाराला टाळता येईल, बँकेला तारीख पे तारीख करता येईल. महसुलाच्या थकबाकीचा अर्थ काय, तो या मंडपात कोणाला सांगायला नको.

त्याच निकालात आणखी एक गोष्ट आहे. शिकाऊ लायसन असलेला माणूस हाही लायसनधारक आहे, असे न्यायालयाने म्हटले. म्हणजे लर्निंगचा कागद, त्याच्या अटी पाळून, खिशात असणे आणि नसणे यात सात एकरांचा फरक पडू शकतो. ट्रॉली जोडल्याने काय होते, हा प्रश्नही न्यायालयात गेला होता. २००१ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की ट्रॅक्टर चालवायचे लायसन असेल तर मागे ट्रॉली जोडली म्हणून ते निकामी होत नाही. मात्र वेचणीच्या बायांना ट्रॉलीत बसवून नेता ना, तिथे सावध राहा. ट्रॅक्टरवर बसण्याची जागा चालवणाऱ्यापुरती असते. ट्रॉलीतल्या मजुराच्या नुकसानीची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असे २००७ साली न्यायालयाने एका प्रकरणात ठरवले. या विषयावर वेगळी सभा घ्यावी लागेल, कारण वेचणीला माणसे न्यायची कशी, हा प्रश्न फक्त 'नेऊ नका' म्हणून सुटणारा नाही.

आता पेपराकडे येऊ.

हा पेपर केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ च्या ११ व्या नियमाने ठरवला आहे. विषय चारच: रस्त्यावरच्या पाट्या, सिग्नल आणि वाहतुकीचे नियम, अपघात झाल्यावर चालकाची कर्तव्ये, बिनपहाऱ्याचे रेल्वे फाटक ओलांडताना घ्यायची काळजी, आणि गाडीसोबत बाळगायची कागदपत्रे. प्रश्नाखाली उत्तरे दिलेली असतात, त्यातले बरोबर निवडायचे. साठ टक्के बरोबर आले की पास. म्हणजे पंधरा प्रश्नांत नऊ.

इथे आमच्यातला शेतकी पदवीवाला जागा होतो. ज्वारीच्या प्रमाणित बियाण्याला किमान ७५ टक्के उगवणशक्ती लागते. त्याखालचे बियाणे पिशवीत भरून विकता येत नाही. आणि घरचे बियाणे असेल तर शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून किती उगवले ते मोजा, मगच पेरा, असे आम्ही गावोगाव सांगत फिरलो. दाण्याला ७५ आणि रस्त्यावर सोडायच्या माणसाला ६०! तेव्हा पास होण्यापुरती तयारी आम्हाला नको आहे. आमच्या सराव वर्गात पंधरापैकी पंधरा आल्याशिवाय पोराने अर्ज भरायचा नाही.

कारण हा पेपर आता घरबसल्या देता येतो. जून २०२१ पासून महाराष्ट्रात आधार क्रमांकाच्या आधारे ही सोय सुरू झाली. ज्याचे आरटीओ कार्यालय साठ-सत्तर किलोमीटरवर आहे, त्याची एक मजुरी आणि एसटीचे भाडे वाचले. सोय चांगलीच आहे. पण चांगल्या सोयीला आपल्याकडे कीड लवकर लागते. तालुक्याच्या चौकातला दुकानदार म्हणतो, "आधार नंबर दे, ओटीपी सांग, तासाभरात लर्निंग काढून देतो." पेपर तो देतो, उत्तरे तो टिकतो, पास मात्र आपला पोरगा होतो. केंद्राच्या नियमातली फी पाहा: शिकाऊ लायसनला वाहनाच्या प्रत्येक वर्गामागे १५० रुपये आणि परीक्षेला ५०, सेवाशुल्क असले तर थोडे वर. दुकानदार किती घेतो, ते इथे हात वर करून सांगायचे धाडस करा. वरचे सगळे पैसे कशाचे? न शिकण्याचे. आडत्याला आपण निदान मालाच्या वजनावर पैसे देतो. इथे माल आपल्याला मिळतच नाही.

तो पेपर म्हणजे आपल्या पोराच्या आयुष्यात रस्त्याचा कायदा वाचण्याची एकच वेळ असते. पुढे कोणी वाचत नाही. ती वेळ विकत देऊन टाकली की गेली. आणि पुढे काही घडले, साहेबाने पोराला चार पाट्यांचा अर्थ विचारला, तर दुकानदार शेजारी उभा राहणार नाही.

आता पोरे नापास का होतात, ते ऐका. गाडी येत नाही म्हणून नाही. दहावी-बारावी झालेली पोरे आहेत, गाडी तर बारा वर्षांचे असल्यापासून हाकतात. ती अडतात भाषेला. आपण म्हणतो लायसन, पेपरात असते 'अनुज्ञप्ती'. आपण लायसनलाही परवाना म्हणतो आणि परमिटलाही परवाना म्हणतो, पण सरकारी मराठीत अनुज्ञप्ती माणसाची असते आणि परवाना मालाची किंवा प्रवाशांची भाड्याने वाहतूक करणाऱ्या गाडीचा असतो. कागदपत्रांच्या प्रश्नात इथेच गफलत होते. 'पादचारी' म्हणजे पायी चालणारा. 'समपार' म्हणजे रेल्वेचे फाटक. 'दुभाजक' म्हणजे रस्त्याच्या मधला कट्टा. 'ओलांडणे' हा शब्द तर फारच फसवा आहे: कधी तो रस्ता ओलांडणे असतो आणि कधी पुढच्या गाडीला मागे टाकणे, म्हणजे ओव्हरटेक. प्रश्नाला मोजके सेकंद मिळतात; शब्दाशी झटापट करण्यात ते संपतात. म्हणून पहिल्या दिवशी पाट्या नाहीत, नियम नाहीत, हे वीस-पंचवीस शब्द आधी घोकायचे. इंग्रजीतून पेपर द्यायची हौस कोणी करू नये. मराठी निवडता येते, मराठीच निवडा, फक्त ही मराठी कुठल्या घरात बोलतात ते आम्हाला विचारू नका.

पाट्यांचे मात्र सोपे आहे, एक खूण धरली तर. आधी आकार बघा, मग चित्र. गोल पाटी हुकूम देते. लाल कडेची गोल पाटी बहुतेक वेळा 'हे करू नका' सांगते आणि निळी गोल पाटी 'हेच करा' सांगते. लाल कडेचा त्रिकोण, टोक वर, म्हणजे सावधान: पुढे वळण आहे, अरुंद पूल आहे, शाळा आहे, गुरे आहेत. निळी चौकोनी पाटी नुसती माहिती देते: दवाखाना, पेट्रोल पंप. दोनच पाट्या वेगळ्या आकाराच्या आहेत आणि त्या मुद्दाम तशा केल्या आहेत. थांबा ही आठ कोनांची, आणि 'वाट द्या' हा उलटा त्रिकोण, टोक खाली. मागून पाहिले, धूळ बसली, रंग उडाला, तरी आकारावरून ओळखता याव्यात म्हणून.

इथे एक धोका सांगतो. आपल्याला रंग वाचायची सवय औषधाच्या डब्यावरून लागली आहे. डब्यावरच्या चौकटीत लाल म्हणजे जहाल विष, मग पिवळा, मग निळा आणि हिरवा सगळ्यांत कमी. हा हिशेब रस्त्यावर लावू नका. रस्त्यावर निळा म्हणजे मध्यम धोका नव्हे. निळ्या गोल पाटीवर डावीकडे बाण असेल तर डावीकडेच वळावे लागते, तो हुकूम आहे. आणि डब्यावरचा रंग तरी आपल्यापैकी किती जण फवारणीआधी बघतात, हा प्रश्न आज सोडून देतो.

सारख्या दिसणाऱ्या पाट्यांवर हमखास प्रश्न असतो. निळ्या गोलावर एक लाल तिरपी रेघ असेल तर गाडी लावून जायला मनाई. दोन रेघांची फुली असेल तर थांबायलाही मनाई. रेल्वेच्या त्रिकोणात कुंपणाचे चित्र असेल तर पुढे फाटक आहे; इंजिनाचे चित्र असेल तर फाटक नाही. सिग्नलचा लाल दिवा उघडझाप करत असेल तर थांबा, बघा, मग जा. पिवळा उघडझाप करत असेल तर हळू आणि सांभाळून जा. हे जोडीजोडीने शिकले की विसरत नाही.

नियमांमध्ये अवघड असा एकच भाग आहे: आधी कोणी जायचे. आपल्याकडे हे मोठ्या गाडीने ठरते. ट्रक आधी, मग ट्रॅक्टर, मग बाकीची जनता. कायद्यात तसे नाही. जिथे सिग्नल नाही, पोलीस नाही, अशा चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे. गोल चौकात आत शिरलेल्याला आधी. घाटात चढणाऱ्याला आधी, कारण चढावर थांबलेली भरलेली गाडी पुन्हा उचलणे किती कठीण, ते कापसाची ट्रॉली ओढणाऱ्याला वेगळे सांगायला नको. पांढऱ्या पट्ट्यांवर पायी चालणाऱ्याला सगळ्यांच्या आधी. पुढच्या गाडीला मागे टाकायचे ते उजव्या बाजूने, आणि वळणावर किंवा अरुंद पुलावर अजिबात नाही. रात्री समोरून गाडी आली की दिवा खाली करायचा. दारूची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. पोरांनी पेपरासाठी हा आकडा पाठ करावा आणि बापांनी बाजाराच्या दिवशी. मोटरसायकलवर मागे एकच माणूस; चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट. हे ऐकून पुन्हा हसू आले, म्हणजे आपण तिघे-चौघे बसून आलो आहोत, हे कबूल झाले.

हाताचे इशारेही विचारतात. शहरातल्या पोरांना ते जुनाट वाटतात. आपल्या ट्रॉलीचे मागचे दिवे बघता, ते आपल्याला पेपरानंतरही लागणार आहेत.

रेल्वे फाटकाचा विषय गमतीचा आहे. जानेवारी २०१९ पर्यंत रेल्वेने मोठ्या रुळांवरची सगळी बिनपहाऱ्याची फाटके काढून टाकली. आपली कापसासाठी इंग्रजांच्या काळात टाकलेली मूर्तिजापूर-यवतमाळची शकुंतला, तिच्यावर तर गाडीच धावत नाही. फाटके गेली, पण नियम ११ मधला विषय आहे तिथे आहे. म्हणून कलम १३१ शिकायचेच: गाडी थांबवायची, सोबत क्लीनर असेल तर त्याने पायी पुढे जाऊन दोन्ही बाजूंना बघायचे, तो नसेल तर चालकाने स्वतः उतरून बघायचे, आणि मगच जायचे. उतरून बघण्याची ही सवय आम्हाला तर कॅनॉलच्या रस्त्यावर आणि हायवेला मिळणाऱ्या पांदणीच्या तोंडाशीही हवी आहे. उंच कडबा भरलेला असतो, बाजूचे काही दिसत नाही, आणि आपला माणूस नुसता हॉर्न वाजवून चाक पुढे घालतो.

अपघातानंतरच्या कर्तव्याचे प्रश्न मात्र मन लावून वाचा. आपल्याकडे अपघात झाला की चालक पळतो. लोक मारतील, ही भीती खोटी नाही आणि कायद्यालाही ती ठाऊक आहे. कलम १३४ म्हणते की जमावाच्या संतापामुळे किंवा आपल्या हाताबाहेरच्या कारणामुळे शक्य नसेल तेवढे सोडले, तर जखमीला जवळच्या डॉक्टरकडे किंवा दवाखान्यात पोहोचवणे हे चालकाचे काम आहे. पोलीस विचारतील ती माहिती द्यायची. पोलीस तिथे नसतील तर लवकरात लवकर, आणि काही झाले तरी चोवीस तासांच्या आत, जवळच्या ठाण्यावर जाऊन सांगायचे. विमा कंपनीला लेखी कळवायचे. पळालात तर लायसन असून उपयोग नाही, आणि त्या जखमीचा जीव वाचायचा असेल तर तो पहिल्या तासात वाचतो. वाटेने जाणाऱ्या तिसऱ्या माणसाने मदत केली तर २०१९ च्या दुरुस्तीतले कलम १३४अ त्याला संरक्षण देते. त्याला साक्षीसाठी छळता येत नाही. हे आपल्या गावातल्या हायवेवरच्या चहावाल्यालाही सांगून ठेवा.

कागदपत्रे: लायसन, नोंदणी प्रमाणपत्र, विमा, धुराची पीयूसी. मोबाईलमधल्या डिजिलॉकरमधले कागदही आता चालतात. दुकानात चारवेळा जेरॉक्स काढायला नको.

पास झाल्यावर लर्निंग सहा महिने चालते. तीस दिवस झाल्याशिवाय पक्क्या लायसनची चाचणी देता येत नाही. या काळात एकट्याने चालवायचे नाही. पक्के लायसन असलेला माणूस शेजारी हवा, गाडी आवरता येईल अशा ठिकाणी बसलेला. मोटरसायकलवर शिकताना मागे बसला तर शिकवणाराच बसेल, मित्र नाही. पुढे आणि मागे पांढऱ्यावर लाल एल अक्षराची पाटी: चौकोन १८ सेंटिमीटरचा, अक्षर १० सेंटिमीटर उंच. पत्र्याच्या डब्याचे झाकण आणि नेलपॉलिशच्या बाटलीने भागते, आमच्या एका कार्यकर्त्याच्या मुलीने करून दाखवले आहे.

मुलींचे नाव निघाले म्हणून सांगतो. मायबहिणींनो, स्कूटरवर लेकराला शाळेत सोडणाऱ्या, बचत गटाच्या कामाला बँकेत जाणाऱ्या तुम्ही किती जणी, आणि त्यात लायसन किती जणींकडे, हे आज मोजायचे आहे. घरात पोराचे लायसन निघते आणि सुनेचे राहते, कारण ती 'जवळच तर जाते'. अपघात जवळच होतात. चाळिशीच्या वरच्यांना डॉक्टरचा दाखला, म्हणजे नमुना १अ, लागतो. त्याला घाबरू नका. नजर तपासली जाते, तेवढेच बरे. आणि जे सालगडी, पिकअपवाले म्हणतात की आठवी पास नाही म्हणून मालवाहू गाडीचे लायसन मिळत नाही, त्यांनी ऐकावे: शिक्षणाची ती अट २०१९ साली काढून टाकली आहे.

आता कामाचे बोलू. वेचणी सुरू झाली की कोणी येणार नाही, म्हणून पऱ्हाटीला पाती लागेपर्यंत हे उरकायचे. प्रत्येक तालुक्यात तीन रविवार, सकाळी आठ ते दहा. पहिल्या रविवारी शब्द आणि कागदपत्रे, दुसऱ्या रविवारी पाट्या, तिसऱ्या रविवारी नियम आणि मोबाईलवर सारथीच्या संकेतस्थळावरची सराव परीक्षा. ज्यांना वाचायला त्रास होतो, त्यांच्याशेजारी वाचणारा बसेल; तो प्रश्न वाचेल, उत्तर सांगणार नाही. चौथ्या रविवारी ज्याचे पंधरापैकी पंधरा येतील, त्याने आपल्या मोबाईलवर, आपल्या हाताने, आपला पेपर द्यायचा. नापास झाला तर पुन्हा फी भरून पुन्हा द्यायचा. फोन दुसऱ्याच्या हाती द्यायचा नाही.

पाट्यांची चित्रे मंडपाच्या डाव्या कनातीवर लावली आहेत, खाली अर्थ लिहिलेला नाही. जेवणाच्या सुटीत तिथे उभे राहून एकमेकांना विचारा. नावे तालुकावार लिहून घ्यायला मेजावर वह्या आहेत. नावापुढे वय लिहा, आणि घरात ट्रॅक्टर असेल तर तो सध्या कोण चालवतो, तेही खरे लिहा. वह्या आमच्याकडेच राहतील, आरटीओकडे जाणार नाहीत.